भीमेचे पाणी आणि सोलापूरची वीज

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर आणि सोलापूर यांना जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटर लांबीची ७६५ किलोव्होल्ट दाबाची वाहिनी प्रथम भारित झाली, आणि तोपर्यंत आपल्या स्वतंत्र लयीने चालणारे दक्षिण भारताचे विद्युत्‌जाल उर्वरित देशाच्या जालाशी एकरूप होऊन हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या समुद्रापर्यंत सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या एकाच गतीने वीज वाहू लागली. तत्पूर्वी पश्चिम आणि दक्षिण या दोन विभागांतील देवघेव चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे होत असे, आणि तीही सरळ नव्हे. एका बाजूची प्रत्यावर्ती वीज एकदिश करावयाची आणि पुन्हा प्रत्यावर्ती करून दुसऱ्या बाजूस सोडावयाची, असा तो बेतशीर व्यवहार होता. देशाच्या जालाची शेवटची गाठ सोलापुरास बांधली गेली, ही गोष्ट या शहराच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे. परंतु ज्या मुलखाच्या माथ्यावरून ही गाठ गेली त्या मुलखाने विजेसाठी गेल्या दीडशे वर्षांत काय दिले आणि काय मिळवले याचा जमाखर्च मात्र अद्याप कोणी एकत्र मांडलेला नाही. आज कोळशाची वीज हळूहळू मागे सारून सूर्य, वारा आणि पाणी यांच्या विजेकडे देशाने वळावे अशी राष्ट्रीय योजना आकारास येत असताना तो जमाखर्च मांडण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

सोलापूर हा मूळचाच तुटपुंज्या पावसाचा प्रदेश. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. काळी, भेगाळणारी जमीन. आणि तीन-चार वर्षांआड येणारा दुष्काळ. इंग्रजी अंमलाने येथे प्रथम जे मोठे काम हाती घेतले ते पाण्याचेच होते: हिप्परग्याजवळचा एकरूख तलाव १८७१च्या सुमारास पुरा झाला. त्याआधी १८६० साली आगगाडी येऊन पोहोचली होती, आणि आगगाडीबरोबर कोळसा आला. शेठ मोरारजी गोकुळदास यांनी उभारलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १८७७ साली सुरू झाली, म्हणजे ज्या दोन वर्षांत दख्खनभर दुष्काळाने माणसे आणि जनावरे पटापट मरत होती, नेमक्या त्याच काळात. रानात काम उरले नव्हते, सरकारी खडीकेंद्रांवर अर्धपोटी मजुरी होती, आणि शहरात एक चिमणी धूर सोडू लागली होती; भोवतालच्या तालुक्यांतली कुटुंबे त्या धुराच्या रोखाने निघाली यात नवल नाही. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या एकामागून एक उभ्या राहिल्या, आणि मोरारजींची ती पहिली गिरणी लोकांच्या तोंडी ‘जुनी गिरणी’ होऊन बसली. निजामाच्या मुलखातून, तेलंगणातल्या खेड्यांतून पद्मशाली विणकर आपले हातमाग घेऊन याच सुमारास मोठ्या संख्येने येथे आले. एकाच शहरात वाफेवर चालणारा साचा आणि हातापायांनी चालणारा माग शेजारी शेजारी नांदू लागले, आणि गिरणीच्या भोंग्याने साऱ्या गावाचा दिवस मोजला जाऊ लागला.

या वाफेच्या युगाचे मोल पाण्यात आणि कोळशात मोजले जात असे, आणि दोन्ही गोष्टी सोलापूरजवळ नव्हत्या. कोळसा शेकडो मैलांवरून आगगाडीच्या वाघिणींतून यावयाचा. ही दूरत्वाची अडचण पुढे एकशे चाळीस वर्षांनी जशीच्या तशी परत आली. तिच्याकडे मी नंतर वळणार आहे.

आता सह्याद्रीकडे पाहू. डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या स्थापत्यविशारदाने, घाटमाथ्यावर पडणारे अलोट पाणी अडवून ते पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडले तर मुंबईच्या गिरण्यांना पुरेल इतकी वीज निघेल, ही कल्पना मांडली. जमशेटजी टाटांनी ती उचलली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९१० साली कंपनी स्थापन होऊन १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईकडे वाहू लागली. पाठोपाठ १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा ही केंद्रे निघाली. मुंबईच्या गिरण्यांची धुराडी त्या विजेने बंद पडली, हवा निवळली, खर्च उतरला. कर्बवायूचे नावही कोणाच्या तोंडी नव्हते त्या काळात महाराष्ट्रात एक निर्मळ, अखंड आणि स्वस्त वीजव्यवस्था उभी राहिली होती, याबद्दल आपण यथायोग्य अभिमान बाळगतो, आणि तो बाळगावाही. मुळशीच्या धरणाखाली ज्यांच्या जमिनी जात होत्या त्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभला, पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि ते ‘सेनापती’ झाले, हाही इतिहास शाळेतल्या मुलास ठाऊक असतो.

परंतु त्या सत्याग्रहात जे कोणी सामील नव्हते आणि ज्यांना त्याची वार्ताही नसावी, असे आणखी एक हितसंबंधी होते. इंद्रायणी, आंध्रा, मुळा या नद्या घाटमाथ्यावर उगवून पूर्वेकडे वाहतात आणि अखेर भीमेस मिळतात. भीमा पुढे पंढरपुरास चंद्रभागा म्हणून पुजली जाते आणि सोलापूर जिल्ह्याची जीवनरेषा होऊन कर्नाटकात शिरते. त्या नद्यांच्या माथ्यावरचे पाणी अडवून, बोगद्यांतून आणि नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली कोकणात सोडून जी वीज काढली गेली, ती भीमेच्या खोऱ्यातून कायमचे बाहेर गेलेल्या पाण्याची वीज होती. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७०च्या दशकात जेव्हा या पाण्याचा निवाडा केला तेव्हा टाटांच्या धरणांतून पश्चिमेकडे वळवण्याची मर्यादा ४२.६ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि कोयनेतून वळवण्याची मर्यादा ६७.५ टीएमसी ठरवण्यात आली. भीमेवरील उजनी धरणाच्या प्रचंड जलाशयाचा उपयुक्त साठा सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या आकड्याचे वजन कळते. ज्या जिल्ह्याच्या वाट्याला दुष्काळ आला त्याच्याच नदीच्या मस्तकावरचे पाणी विजेसाठी दुसऱ्या समुद्राकडे गेले, आणि त्या विजेची एक तारही तेव्हा सोलापुरास आली नाही; येथील गिरण्या कोळसाच जाळीत राहिल्या. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. ज्यांनी योजना आखली त्यांच्या नकाशावर खालचे खोरे नव्हते, इतकेच. आणि माझ्या मते योजनाशास्त्राच्या इतिहासातील सर्वांत मोठी चूक ती हीच.

राष्ट्रीय पातळीवर विजेचा विचार करणाऱ्या पहिल्या अधिकारी पुरुषांपैकी एक महाराष्ट्राने दिला, ही गोष्ट अजूनही पुरेशा लोकांना ठाऊक नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि त्यांच्या खात्याकडे पाटबंधारे व वीज हे विषय होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर पुनर्रचनेच्या धोरणसमितीपुढे त्यांनी विजेच्या विकासावर जे भाषण केले त्यात वीज खाजगी मालकीची असावी की सरकारची, प्रांतांच्या हाती असावी की केंद्राच्या, असे मूलभूत प्रश्न त्यांनी ठेवले. आणि केवळ वीज पुरेशी नव्हे, तर ती स्वस्त आणि विपुल असली पाहिजे, कारण तिच्यावाचून उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणावाचून या देशातील गरिबास दारिद्र्याच्या चक्रातून सुटका नाही, हे सूत्र त्यांनी मांडले. १९४४ साली मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ आणि पुढल्या वर्षी जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांचा आयोग स्थापन झाला तो याच विचाराच्या अनुषंगाने. १९४८च्या वीजपुरवठा कायद्याने प्रांतोप्रांती वीज मंडळांची तरतूद केली आणि महाराष्ट्र राज्य निर्माण झाल्यावर १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. बाबासाहेबांच्या मांडणीत वीज आणि पाणी एकाच खात्याच्या दोन बाजू होत्या, आणि मजूर हा त्या खात्याच्या नावातच होता. पुढच्या पिढ्यांनी ही तीन खाती वेगळी केली. तिन्ही खात्यांचे स्वतंत्र सचिव, स्वतंत्र दप्तर, स्वतंत्र हिशेब झाले, आणि सोलापूरसारख्या जिल्ह्यात जेथे ही तिन्ही एकमेकांच्या गळ्यात गळा घालून उभी असतात तेथे कोणाचाच हिशेब पुरा होईनासा झाला.

मजुराच्या बाजूचा एक दाखला येथे देतो, कारण तो सोलापूरचा असून साऱ्या देशाच्या कायद्यात नोंदला गेला आहे. जुन्या गिरणीच्या चालकांनी २७ ऑगस्ट १९४९ रोजी गिरणी बंद केली. हजारो कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. त्या हुकुमाच्या प्रस्तावनेत, जीवनावश्यक मालाचे उत्पादन थांबले आहे आणि समाजाच्या एका वर्गावर बेकारीचे गंभीर संकट आले आहे, ही दोन कारणे नमूद केलेली होती. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी यांचा अर्ज १९५० साली फेटाळला गेला, पण द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात १८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयाने सरकारची ती कृती मालमत्तेच्या मूलभूत हक्काविरुद्ध ठरवली. कायद्याचे विद्यार्थी हे निकाल मालमत्तेच्या हक्कासाठी वाचतात. मी ते वाचतो ते त्या प्रस्तावनेतील दुसऱ्या कारणासाठी: यंत्र बंद पडते तेव्हा त्या यंत्रावर जगणाऱ्या माणसांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या सरकारने सर्वप्रथम ज्या ठिकाणी स्वतःला विचारला त्यांतले एक सोलापूर होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथल्या बहुतेक मोठ्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळही नव्हते. कामगारांपैकी काही यंत्रमागांवर गेले, काही हमालीवर, आणि पुष्कळांच्या घरचा संसार बायकांच्या विड्यांवर चालला.

यंत्रमागाचा उदय ही वास्तविक विजेचीच करणी. वाफेच्या यंत्राला एक मोठा बॉयलर, एक मोठी चिमणी आणि एक मोठा मालक लागत असे. वीज आल्यावर एका खोलीत दोन किंवा चार माग बसवून घरचा कर्ता पुरुष स्वतःच कारखानदार होऊ शकला. जॅकार्डच्या नक्षीची सोलापुरी चादर आणि पुढे टॉवेल यांचा व्यवसाय या छोट्या घरांतून वाढला. पण त्या घराचे नाते विजेच्या दराशी इतके जवळचे होते की युनिटमागे थोडेसे पैसे वाढले तरी महिन्याची शिल्लक नाहीशी होत असे, आणि २००५ नंतरच्या काळात जेव्हा भारनियमनाने राज्य ग्रासले तेव्हा माग बंद असतानाची मजुरी कोणीही देत नव्हते. शहराच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांतून मागांचा खडखडाट थांबला की लोक दारात येऊन उभे राहत.

खेड्यात विजेचा अर्थ होता विहिरीवरची मोटर. १९७२च्या दुष्काळानंतर विहिरी खणल्या गेल्या, मंडळाच्या तारा शिवारात पोहोचल्या, मोटेची जागा पंपाने घेतली. सत्तरच्या दशकात पंपाची आकारणी मीटरऐवजी अश्वशक्तीवर होऊ लागली, आणि पाणी किती उपसले याची नोंद ठेवणारी एकमेव घड्याळपेटी त्या दिवसापासून मुकी झाली. १९८० साली उजनी धरण पुरे झाले. भीमेच्या काठाची गावेच्या गावे पाण्याखाली गेली, पळसदेवाचे मंदिर जलाशयात बुडाले, आणि त्या पाण्यावर जिल्ह्यात ऊस पसरला. साखर कारखानदारी येथे १९३०च्या दशकापासून, माळीनगरच्या सासवड माळी कारखान्यापासून, होती. आज जिल्ह्यात तीसहून अधिक कारखाने आहेत, आणि दुष्काळी म्हणून ज्याची सरकारदरबारी नोंद आहे त्या जिल्ह्यात इतका ऊस असावा ही वस्तुस्थिती माझ्या मनास कधीही पटलेली नाही. तथापि या कारखान्यांनी विजेच्या इतिहासात एक चांगले पाऊल टाकले हेही खरे: उसाचे चिपाड जाळून निघालेली वाफ आधी जनित्र फिरवते आणि मग रस आटवते, आणि उरलेली वीज जालात जाते. सहवीजनिर्मिती नावाची ही पद्धत गाळपाच्या हंगामात, म्हणजे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, चालते. तिचा धूर झाडाने हवेतून घेतलेला कर्बच परत देतो म्हणून तिला स्वच्छ विजेत गणतात. मात्र त्या चिपाडामागे किती पाणी आहे हे त्या गणनेत येत नाही. १५ जून २०२३ रोजी सोलापूरच्या सिद्धेश्वर कारखान्याची सहवीजनिर्मितीची उंच चिमणी, होटगी रस्त्यावरील विमानतळास अडथळा होते म्हणून, स्फोटके लावून पाडण्यात आली, आणि सारे शहर ती पाहण्यास लोटले होते. विमानतळ हवा की चिमणी, हा वाद मी येथे उकरीत नाही. पण विमानाचे खाते आणि विजेचे खाते यांनी आधी एकत्र बसून नकाशा पाहिला असता तर असा प्रसंग आला नसता.

पंपांची वीज रात्री का द्यावयाची, याचे उत्तर कोळशाच्या व्यवस्थेत दडलेले आहे. कोळशाचे केंद्र रात्रंदिवस पेटते ठेवावे लागते. दिवसा आणि संध्याकाळी कारखाने व घरे वीज ओढतात. मग रात्री उरलेली वीज शेतात ढकलणे हे व्यवस्थेच्या सोयीचे. म्हणून वर्षानुवर्षे शेतीच्या फीडरवर दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशी आळीपाळीची पद्धत चालत आली. थ्री-फेज लाईट रात्री बारा वाजता आली की विजेरी घेऊन बांधावर जावयाचे, थंडीत बारे द्यावयाचे, साप-विंचवांचे भय सोसावयाचे. आणि झोप आवरत नाही म्हणून मोटर चालू ठेवून पाणी सोडून द्यावयाचे. या रात्रपाळीत किती जीव गेले आणि किती पाणी वाया गेले याची गणती कोणत्याही ऊर्जायोजनेत नाही.

आणि आता ज्याचा उल्लेख मी आधी केला त्या दूरच्या कोळशाची गोष्ट. सोलापूरचे सुपुत्र सुशीलकुमार शिंदे हे २००६ ते २०१२ या काळात केंद्रात ऊर्जामंत्री असताना दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचा प्रकल्प आकारास आला. ६६० मेगावॅटचे दोन संच: पहिला सप्टेंबर २०१७ मध्ये आणि दुसरा मार्च २०१९ मध्ये व्यापारी उत्पादनास लागला. जिल्ह्यास नोकऱ्या मिळाव्यात, देशाच्या जालास या ठिकाणी आधार मिळावा, हा हेतू निर्विवाद स्तुत्य होता. परंतु कोळशाच्या खाणी शेकडो किलोमीटर दूर आहेत आणि पाणी उजनीतूनच आणावयाचे आहे. वीज घेणारी यंत्रणा रोज ज्या केंद्राचा इंधनखर्च कमी त्यास आधी चालवते. वाहतुकीने महागलेल्या कोळशामुळे सोलापूरचा क्रम त्या यादीत खाली लागतो, आणि केंद्र पुष्कळदा निम्म्या शक्तीने चालते किंवा थांबून राहते. थांबलेल्या केंद्राचाही स्थिर आकार मात्र करारानुसार द्यावा लागतो, आणि तो अखेर ग्राहकाच्या बिलातून जातो. डिसेंबर २०१५च्या नियमाने तेव्हा चालू असलेल्या औष्णिक केंद्रांस युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरण्याची मर्यादा घातली. त्या मर्यादेने हे केंद्र जवळजवळ पूर्ण शक्तीने चालले तर वर्षास सव्वा टीएमसीच्या आसपास पाणी लागेल. बीड जिल्ह्यात परळीचे केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले असताना सोलापूरचे संच उभे राहत होते. २०१६च्या दरधोरणाने पन्नास किलोमीटरांच्या आतील नगरपालिकांचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरण्याचे बंधन औष्णिक केंद्रांवर घातले. ते काटेकोरपणे अमलात आले तरच उजनीवरचा हा भार हलका होईल.

ज्या वर्षी पॅरिसचा हवामानकरार झाला त्या वर्षी हे बांधकाम चालू होते. याचा अर्थ देशाच्या योजनाकारांना भविष्य दिसत नव्हते असा नव्हे. नियोजन आयोगाने डॉ. किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखाली सर्वसमावेशक वाढीसाठी अल्पकर्ब धोरणांचा विचार करण्यास तज्ज्ञांचा गट नेमला होता. त्याचा अंतरिम अहवाल २०११ साली आणि अंतिम अहवाल २०१४ साली आला, आणि नेहमीच्या वाटेने गेल्यास २०३० पर्यंत काय होईल व अल्पकर्ब वाटेने गेल्यास काय, अशी दोन चित्रे त्याने शेजारी शेजारी ठेवली. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा २०२२ पर्यंत वीस हजार मेगावॅटचे लक्ष्य होते, पुढे ते एक लाखावर नेले गेले. २०१० साली बारा रुपयांच्या आसपास असलेला सौरविजेचा दर २०१७ साली राजस्थानातील भाडला येथे २ रुपये ४४ पैशांवर आणि २०२० च्या अखेरीस गुजरातेत दोन रुपयांखाली उतरला. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत २०३० पर्यंत पाच लाख मेगावॅट अजीवाश्म क्षमतेचे आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन देशाने दिले; २०२५च्या मध्यास स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा कोळसा-वायूवेगळ्या साधनांचा झाला. तरीही प्रत्यक्ष निघणाऱ्या दर चार युनिटांपैकी जवळजवळ तीन युनिटे कोळशाचीच आहेत, कारण सूर्य मावळल्यावर दिवे लागतात आणि साठवण अद्याप अपुरी आहे. क्षमता आणि वीज यांतले हे अंतर ज्यास कळत नाही त्याने या विषयावर घोषणा करू नये.

सोलापूरचे आकाश वर्षाचे आठ-नऊ महिने निरभ्र असते. ज्या उन्हाने येथील पिके करपवली ते आता संपत्ती ठरू पाहत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ साली तिचा विस्तार झाला. उपकेंद्राजवळ छोटे सौरप्रकल्प उभारून त्यांची वीज थेट शेतीच्या फीडरवर सोडावयाची आणि पंपास दिवसा वीज द्यावयाची, ही तिची कल्पना मला मनापासून ग्राह्य वाटते. शतकभरात प्रथमच एक वीजयोजना शेतकऱ्याच्या झोपेचा विचार करून आखली गेली आहे. जमीन देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते; जिरायत ज्वारीच्या रानास एवढा आकार कधी मिळाला नव्हता.

पण दोन गोष्टींची धास्ती वाटते. पहिली पाण्याची: दिवसाची, विनामूल्य, विनाखंड वीज मिळाली आणि उसाची हाव तशीच राहिली, तर बोअरचे पाणी आणखी खोल जाईल. दुसरी जमिनीची. महसुली दप्तरात जे ‘गायरान’ म्हणून लिहिले आहे त्यावर योजनाकारांची नजर प्रथम जाते, कारण तेथे सातबाऱ्यावर कोणा शेतकऱ्याचे नाव नसते. नाव नसले तरी मालकी असते: धनगरांच्या मेंढ्यांची, लांडग्यांची, काळविटांची. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली ज्या पक्ष्यासाठी घोषित झाले तो पक्षी आज तेथून जवळजवळ नाहीसा झाला आहे. राजस्थान आणि गुजरातेत त्याच पक्ष्याच्या रक्षणासाठी विजेच्या तारा भूमिगत कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला, आणि स्वच्छ विजेच्या राष्ट्रीय वचनांकडे पाहून २०२४ साली तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. माळरान हे ओसाड रान नव्हे, हे सोलापूरकराने तरी योजनाकारास ठणकावून सांगावयास हवे.

आता मी त्या जुन्या पाण्याकडे परत येतो, कारण माझ्या मते या स्थित्यंतराचे सर्वांत मोठे फळ सोलापुरास तेथे मिळू शकते. एक टीएमसी पाणी पाचशे मीटर खाली सोडले तर ढोबळ हिशेबाने सव्वातीन कोटी युनिट वीज निघते. महाराष्ट्रातल्या उन्हात एक मेगावॅटचा सौरप्रकल्प वर्षाला सुमारे सतरा लाख युनिटे देतो. म्हणजे घाटमाथ्यावरचे एक टीएमसी पाणी पूर्वेस सोडून द्यावयाचे तर तेवढी वीज एकोणीस-वीस मेगावॅट सौरप्रकल्पातून भरून निघते, आणि बेचाळीस टीएमसीची वीज आठशे-साडेआठशे मेगावॅटमधून. देशात जेथे लाखो मेगावॅटांची भाषा चालू आहे तेथे हा आकडा अवघड नाही. यावर दोन रास्त आक्षेप आहेत. घाटातले पाणी संध्याकाळच्या ऐन मागणीच्या वेळी क्षणात वीज देते, ते काम सूर्य करू शकत नाही. आणि खाली उतरलेल्या त्या पाण्यावर कोकणातली गावे व कारखाने आज जगत आहेत. पहिल्या आक्षेपाचे उत्तर तंत्रात आहे: भिऱ्यास १५० मेगावॅटचा आणि घाटघरास २५० मेगावॅटचा पाणी परत वर चढवणारा प्रकल्प आधीच चालू आहे, खुद्द उजनीच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचा असा संच आहे, आणि तेच पाणी दिवसा सौरविजेने वर चढवून रात्री खाली सोडता येते, त्यासाठी नदी रिकामी करावी लागत नाही. दुसऱ्याचे उत्तर तडजोडीत आहे, आणि तडजोड टप्प्याटप्प्याने, काही टीएमसींपासून, व्हावी. भीमेचे पाणी भीमेस परत द्यावे ही मागणी सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांत जुनी आहे. आजवर तिला उत्तर मिळे की मुंबईची वीज कोठून आणावयाची. ते उत्तर आता जुने झाले आहे.

फताटेवाडीच्या संचांवर आज जे तरुण काम करतात त्यांचे काय, हा प्रश्नही आताच विचारून ठेवला पाहिजे. औष्णिक केंद्राचे विक्रीकरार सामान्यतः पंचवीस वर्षांचे असतात. त्या हिशेबाने हे संच २०४२-४४ पर्यंत चालावयाचे. जुन्या गिरणीच्या बाबतीत सरकारला दरवाजा बंद झाल्यावर जाग आली. येथे पंधरा-वीस वर्षांची सूचना आधीच मिळालेली आहे, आणि तेवढ्या अवधीत त्याच जागी, त्याच वाहिन्यांच्या टोकाशी, साठवणीचे केंद्र उभारून त्याच हातांना नवे काम शिकवता येईल. देशाच्या उत्तर-दक्षिण जालाची गाठ जेथे आहे तेथे साठवण असणे हे जालाच्याही हिताचे आहे.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ पासून वीजदरांवर जाहीर सुनावण्या घेतो, आणि तेथे लेखी हरकत नोंदवण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकास आहे. एन्रॉन कंपनीच्या वीजकराराचा हिशेब पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेने, गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, असाच कागदोपत्री तपासून लोकांपुढे ठेवला होता. सोलापूरच्या यंत्रमागवाल्याने, ऊस पिकवणाऱ्याने आणि माळावर मेंढरे चारणाऱ्याने पुढच्या सुनावणीस जावे, आणि विजेच्या दरांबरोबर भीमेच्या पाण्याचा हिशेबही आपल्या हरकतीत लिहून द्यावा, ही माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.